लाल झाकणाची डबी

४ डिसेंबर

आधीच माफी मागून ठेवते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकतं, आणि फोनवर मी एकाच बोटाने टाइप करते, तेही आज गारठलंय. हे कोणी वाचणार नाहीये, तरी माफी. वहीत लिहिलं असतं, पण वही उघडली की शाळा आठवते.

शाळा मी नववीत सोडली. तोंडी परीक्षेला उभी राहिले, सगळं येत होतं, पण तोंडच उघडेना. वर्ग हसला. पुढच्या वेळीही तेच. मग मी जायचंच बंद केलं. आई म्हणाली, इथे भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माझ्या मामाकडे जाऊन राहा, तोही एकटा आहे. आईचा मामा म्हणजे माझे मामाआजोबा. लहानपणी एवढं लांब म्हणता यायचं नाही म्हणून मी माजोबा म्हणायचे, ते तसंच राहिलं. ते मला गुपचूप म्हणतात. "गुपचूप, चहा टाक." "गुपचूप, आज एक तरी वाक्य बोल, नाहीतर मला वाटायचं मीच बहिरा झालो."

माजोबा कवळ्या बनवायचे. दातांच्या. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी माणूस समोर आला की आधी त्याच्या तोंडात बघतात. पण जीव सगळा फोटोत. सुट्टी मिळाली की मामीआजीला घेऊन निघायचे आणि पूल, बंदरं, बोगदे, दीपगृहं काढत फिरायचे. घरभर तेच लावलंय. मामीआजी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून कॅमेरा कपाटात होता.

आज धुकं एवढं होतं की समोरची बिल्डिंग दिसेना. माजोबा खिडकीत उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "कॅमेरा काढ. फ्रिजच्या दारात रोल आहे, तो घाल." त्यांचे हात थरथरतात, म्हणून मी घातला. दारात दोन होते, एक पॅकबंद खोक्यातला आणि एक लाल झाकणाच्या डबीतला सुटा. सुटा उघडायला सोपा, तोच घेतला. फिल्मची जीभ टोकाला दुमडलेली होती, ती नखाने सरळ केली, खाचेत अडकवली, झाकण लावलं. पहिल्याच फटक्यात जमलं. कोणी शिकवलं नसताना.

माजोबांनी टेबलावरची रिकामी डबी उचलली. झाकण फिरवत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "हाच आणलास?"

मी मान हलवली.

"बरं," म्हणाले. चहा गार झाला तरी प्यायले नाहीत. आणि धुक्याचा फोटोही काढला नाही. म्हणाले, फार पांढरं आहे.

७ डिसेंबर

माजोबांना काहीतरी झालंय. सगळे फोटो काळोखात काढतात. पडदे लावायचे, मी मागे काळी शाल धरून उभी राहायचं, आणि पुढे टेबललँपच्या उजेडात एकच वस्तू. आज किटली होती. काल त्यांची लोकरीची टोपी.

"अजून कमी कर उजेड," म्हणतात. "कमीच बरा. दुसऱ्यालाही जागा हवी."

दुसरा कोण ते काही सांगितलं नाही. शाल धरून माझे हात भरून आले. पण मजा येते, खरं सांगायचं तर. शाल धरणाऱ्याला बोलावं लागत नाही.

शाल धरली की ते प्रवासाचं सांगतात. एकदा घाटात बस बंद पडली, बर्फ पडत होता, आणि मामीआजीने गार पडू नयेत म्हणून रोल स्वतःच्या स्वेटरच्या आत ठेवले. "स्वतःचे हातमोजे मात्र बसमध्येच विसरली." दुसऱ्यांदा बोटीवर पाऊस आला, तर छत्री कॅमेऱ्यावर आणि ती भिजतेय. स्टँडही कायम तिच्याच खांद्यावर. पूल किती मोठा आहे ते कळावं म्हणून तिला पुलाखाली उभी करायचे. "अजून डावीकडे, अजून डावीकडे, म्हणता म्हणता खड्ड्यात गेली."

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग काय! उजेड जात होता, आधी फोटो काढला. नंतर तिला काढली. तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. तुझ्यासारखी."

११ डिसेंबर

मावशी आली. मावशी म्हणजे माजोबांची मुलगी, आईची मामेबहीण. रविवारी डबे घेऊन येते आणि आल्याआल्या खिडक्या उघडते.

"बाबा, ही काय गुहा करून ठेवलीय? आणि या पोरीला काय खांबासारखं उभं केलंय?"

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

"खलबत्त्याचा."

मावशीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मग स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, विसरतात का गं? रात्री उठून फिरतात का? मी नाही म्हणाले. म्हणजे मान हलवली. ती म्हणाली, थंडी संपली की मी त्यांना माझ्याकडे नेणार आहे, तिथे हे बाथरूममध्ये रसायनं कालवणं वगैरे चालणार नाही.

जाताना दारात उभी राहून तिने विचारलं, "आणि आईचा तो रोल? तो कधी धुणार? तिचा भिंतीवर लावायला एक धड फोटो नाही आपल्याकडे. सगळीकडे मुंगीएवढी. पुलाखाली."

माजोबा चष्मा पुसत राहिले. "धुवू," म्हणाले.

"दोन वर्षं हेच ऐकतेय मी."

"त्यात ती एकटी आहे गं," माजोबा म्हणाले. "सगळ्या फोटोंत एकटी. कसा बघू?"

मावशी दारातून परत आत आली. त्यांच्या टोपीवर हात ठेवला आणि गेली.

१२ डिसेंबर

मी मेले.

सकाळी उन्हात बसून माजोबा मला शिकवत होते. जुना वाया गेलेला रोल हातात देऊन म्हणाले, धुण्याच्या डब्यातल्या चकरीवर चढवायचा सराव कर, माझ्या हातांचं काही खरं नाही, पुढे तुलाच करायचंय. आणि मग सहज सांगितलं. काढून झालेला रोल ते पूर्ण आत गुंडाळत नाहीत, जीभ बाहेर ठेवतात, म्हणजे धुताना ओढायला सोपं. पण मग नवा कुठला आणि काढलेला कुठला ते कसं कळणार? म्हणून काढलेल्याचं टोक दुमडायचं. "दुमडलेला रोल परत कॅमेऱ्यात घालायचा नाही. कधीच नाही. घातला तर एका पाटीवर दोनदा लिहिल्यासारखं होतं."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि फ्रिज उघडला. पॅकबंद खोकं तिथेच होतं. लाल झाकणाची डबी नव्हती, दुसरा कुठला रोलही नव्हता. म्हणजे मावशी विचारत होती तो आजीचा रोल मीच कॅमेऱ्यात घातला होता.

मी ती दुमड माझ्या नखाने सरळ केली होती. याच नखाने.

पाणी घेऊन बाहेर आले आणि कसंबसं विचारलं, आजीच्या रोलमध्ये काय आहे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. माजोबा पाणी प्यायले आणि म्हणाले, "शेवटची ट्रिप. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. समोर समुद्रावर एवढा मोठा पूल, आणि मी रोलभर फक्त तिला काढलं. ती म्हणते, अहो, आज काय झालंय तुम्हाला? पूल मागे आहे!"

ते हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

आख्ख्या आयुष्यात त्यांनी तिचा काढलेला एकच रोल. आणि त्यावर मी किटली घातली. टोपी घातली. खलबत्ता घातला.

१३ डिसेंबर

सांगायचं ठरवून उठले. आरशासमोर वाक्य पाठ केलं: माजोबा, माझ्याकडून चुकून आजीचा रोल कॅमेऱ्यात गेला. एवढंच वाक्य आहे. त्यांच्यासमोर गेले. मा म्हणाले आणि पुढे काही नाही. 

"बोल, गुपचूप."

मी म्हणाले, "मीठ संपलंय."

मीठ संपलं नव्हतं.

डबी शोधतेय. कचऱ्यात नाही, ओट्याखाली नाही, कपाटामागे नाही. ती मावशीच्या हाती लागली तर संपलंच.

१५ डिसेंबर

आज पुन्हा काढले. चमचे. आता प्रत्येक खटक्याला असं वाटतं की कोणी तरी माझ्या देखत मामीआजीच्या तोंडावर शाई फेकतंय आणि फेकणाऱ्याला शाल मीच धरून देतेय.

थांबवायला म्हणाले, कॅमेऱ्याचे सेल संपले असतील.

"याला सेल लागत नाहीत."

मग म्हणाले, उद्या काढू, तुम्हाला खोकला आहे.

"खोकल्याचा फोटो येत नाही," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग चमच्यांकडे बघत हळूच म्हणाले, "हे तिनेच घेतले होते. भाव करून करून दुकानदाराला रडवलं. त्याचे खालचे दोन दात सोन्याचे होते."

किती उरले असतील? छत्तीसचा रोल. आकडा दाखवणारी काच मी बघतच नाही.

१९ डिसेंबर

चार दिवस लिहिलं नाही. झोप नाही, जेवण जात नाही. आईचा फोन आला तर म्हणाले मला घरी यायचंय. आई म्हणाली, अगं पण तुला तिथे आवडतंय ना? मी म्हणाले, हो. आई म्हणाली, मग? मला रडायला यायला लागलं म्हणून फोन ठेवला.

मावशीला मेसेज लिहिला. खोडला. परत लिहिला. परत खोडला. वर तिला नुसतं "टायपिंग" दिसत राहिलं असणार, कारण तिने विचारलं: "काय गं, निबंध लिहितेयस का?" मी एक अंगठा पाठवला.

पळून जाण्याचाही विचार केला. पण माजोबांच्या गोळ्या कोण देणार?

आणि ते खूश आहेत. हेच सहन होत नाही. सकाळी उठून दाढी करतात. आज काय काढायचं ते ठरवतात. मामीआजीचा चहाचा कप, तिची खुर्ची, दाराची कडी, तिच्या चपला. लँप इकडेतिकडे करत बसतात आणि तोंडाने पुटपुटतात. आज ऐकू आलं, "हे घे, ही तुझी खुर्ची." माझ्याशीच बोलतायत असं वाटून मी खुर्ची पुढे सरकवली. ते म्हणाले, "तू नाही गं."

२५ डिसेंबर

आज मी मामीआजीचा आणखी एक फोटो खाल्ला.

मावशी आली आणि नेहमीप्रमाणे तिने पडदे सरकवले. बाहेर लख्ख ऊन. माजोबा खिडकीशी उभे होते. मावशी म्हणाली, "ए बाई, रोज वस्तू काढताय, एक त्यांचाही काढ की. द्या कॅमेरा तिच्या हातात, बाबा."

माजोबा म्हणाले, "नको, नको, उजेड फार आहे." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला.

"एक काढला तर काय आभाळ कोसळतंय?" मावशीने कॅमेरा माझ्या हातात कोंबला. मी नाही म्हणू शकत नाही. मी कुणालाच नाही म्हणू शकत नाही, तोच तर रोग आहे. बटण दाबलं.

"झालं कल्याण," मावशी म्हणाली. "खिडकी मागे ठेवून कोणी फोटो काढतं का? बाबा कोळशासारखे काळे येणार."

माजोबा खुर्चीत बसले. कॅमेरा मांडीवर घेऊन मागच्या झाकणावरून अंगठा फिरवत होते. मग रोल पुढे सरकवायचा खटका ओढायला गेले तर ओढला जाईना.

"संपला," म्हणाले.

म्हणजे शेवटचा मीच खाल्ला. तोही भर उन्हात. मामीआजीचा जो कुठला फोटो तिथे होता, तो गेला.

२ जानेवारी

माजोबांना ताप होता. आठवडाभर सूप, गोळ्या, गरम पाण्याची पिशवी. मावशी राहायला आली होती. तापात ते एकदा म्हणाले, "अजून डावीकडे." मावशी बाहेर जाऊन रडली. मी तिच्याजवळ गेले. मला सांगायचं होतं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून बरं. यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता ताप उतरलाय. पण पुढच्या रविवारी ती त्यांना न्यायला येणार आहे. ठरलं.

६ जानेवारी

"उद्या धुवू," माजोबा म्हणाले. "पावडर एकाच रोलपुरती आहे."

कुठला रोल ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मला एक गोष्ट सुचली आहे. लिहायलाही लाज वाटते. रोल काळ्या पिशवीत हात घालून अंधारात चकरीवर चढवायचा असतो, आणि ते माझ्याच हाताने होणार आहे. पिशवीची चेन जरा उघडी राहिली, आत उजेड गेला, की सगळी फिल्म काळीठिक्कर. मग किटलीही नाही, काही नाही. नवी मुलगी, गारठलेले हात, चूक झाली. कोणी रागावणार नाही. आणि दुमड मी सरळ केली हे कोणालाच, कधीच कळणार नाही.

७ जानेवारी

सकाळी बादलीत गरम पाणी घेऊन बाटल्या त्यात ठेवल्या, कारण रसायन गार असलं तर काम करत नाही. माजोबा थर्मामीटर धरून बसले, आजाऱ्याला लावल्यासारखे. माझ्या मांडीवर काळी पिशवी. दोन्ही हात बाह्यांतून आत. आत रोल, चकरी, डबा, कात्री.

चेन माझ्या करंगळीला लागत होती. मी ती पकडली. थोडी सरकवलीसुद्धा, आतल्या दुसऱ्या चेनपर्यंत नाही, बाहेरचीच. माजोबा माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते.

"घाई करू नकोस," म्हणाले. "फिल्म अडली तर ओढायची नाही. थांबायचं. ती आपणहून जाते."

मी थांबले.

"मामीआजीला हे कधी जमलं नाही. ती म्हणायची, अंधारात मला फक्त झोप येते."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात पिशवीत असल्यामुळे पुसता येईना. नाकावरून टपटप पिशवीवर. माजोबांनी उठून त्यांच्या मफलरने माझं तोंड पुसलं. कशाला रडतेस ते विचारलं नाही. मी चेन सोडली. जीभ शोधली. टोकाशी माझ्या नखाने सरळ केलेली दुमड अजून लागत होती, बारीक कंगोऱ्यासारखी. ती कापली आणि फिल्म चढवली. एकदाही अडली नाही.

मग डबा हलवणं, ओतणं, पुन्हा ओतणं. शेवटी वाहत्या पाण्याखाली. झाकण काढलं तेव्हा मी दाराकडे तोंड करून उभी होते.

"गुपचूप. बघ इकडे."

फिल्म बाथरूमच्या दोरीवर लटकवली, खाली कपड्यांचा चिमटा. माजोबांनी मागे पांढरा कागद धरला. म्हणाले, इथे उलटं असतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. मला काही कळेना. मग त्यांनी माझ्या फोनवर फोटो काढायला लावला आणि रंग उलटे करायला सांगितले. ते कसं करतात ते मला येतं.

पहिल्यांदा किटली दिसली. काळोखात किटली. आणि काळोखात, किटलीच्या मागे, मामीआजी. अख्खी. वाऱ्याने केस उडालेले. जणू तिच्याजवळच्या कठड्यावर कोणी तिच्यासाठी चहा ठेवलाय.

दुसऱ्या एकात ती आणि तिची खुर्ची. आणखी एकात तिच्या पायांपाशी तिच्या चपला. काही ठिकाणी फ्रेमची रेघ तिच्या खांद्यावरून गेलीय, अर्धी इकडे, अर्धी पुढच्या फोटोत. खलबत्ता बरोबर तिच्या हनुवटीवर आलाय. माजोबा म्हणाले, "रागावेल," आणि हसता हसता त्यांची कवळी हलली.

नशीब म्हणजे काय नशीब! फिल्मवर उजेडच उमटतो, काळोख काही पुसत नाही, आणि ते सगळं काळोखात काढत होते म्हणून ती वाचली. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

शेवटचा मात्र माझा होता. मी बघणार नव्हते. खिडकी पांढरीशुभ्र, बाकी सगळं उन्हाने खाल्लेलं, समुद्र नाही, पूल नाही. मध्ये माजोबा, मावशी म्हणाली होती तसे, कोळशासारखे काळे. फक्त आकार. टोपी, खांदे, लोंबणारे हात.

आणि त्या काळ्या आकाराच्या आत मामीआजी उभी आहे. खांद्यावर स्टँड. तोंड उघडं, हसतेय, आणि हात मागे करून काहीतरी दाखवतेय, जे आता फोटोत नाहीच.

माजोबा टबाच्या काठावर बसले. मी मोठा केला फोनवर, परत लहान केला, परत मोठा केला.

"आमचा दोघांचा एकही नव्हता," म्हणाले. "काढायला तिसरं कोणी नसायचं."

मी म्हणाले, "माजोबा, मी, त्या दिवशी." एवढं निघालं. खरंच निघालं.

"सूप गरम कर," ते म्हणाले. "आणि हा मावशीला पाठव. लिही, भिंतीवर लावायला झाला."

मग त्यांनी स्वेटरच्या खिशातून लाल झाकणाची डबी काढली. मी एवढी शोधत होते ती! त्यातून एक लिमलेटची गोळी काढून मला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. डबी त्यांच्या खिशात कशी गेली कोण जाणे. पण त्यांना काही कळलेलं नाही हे नक्की. कळलं असतं तर बोलले नसते का?

मावशी न्यायला यायच्या आत सांगते. वाक्य पाठ आहे. अर्धं तर आज झालंच.

मावशीला फोटो पाठवला. तिने अजून उघडला नाही, पण तिचा वेगळाच मेसेज आला: त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट मध्येच बंद पडलीय आणि आत शेजाऱ्यांचा कुत्रा एकटाच अडकलाय, सगळे मजले त्याला जिन्यावरून आवाज देतायत.